बुधवार-रविवार खिडकी बंद

अरं थांब भावा, गाडी स्टँडला लाव, चहा मी सांगतो, पण आधी ऐक, मगाशी काय झालं ते ऐक, अजून माझं हात बघ कसं गार पडल्यात... थंडीनं न्हवं रं, थंडी कसली आलीया, ऊन बघ की केवढं पडलंय. तर नागसेनदादांनी खोली सोडायचं ठरलंय. कोण नागसेनदादा म्हंजे? आमच्या भिंतीपलीकडचं, पाटबंधारे खात्यातलं, चष्मावालं, तू आलास की 'या पावणं' म्हणत्यात बघ, ते. ते चाललं बाहेर, बायको घेऊन, संसार घेऊन. आणि मी आणि हंब्या चाललोय वर, घरमालकिणीच्या माजघरात, देवघराला लागून, मानाचं पावणं म्हणून! आणि हे सगळं कशापायी, तर एका भिंतीच्या ओलीपायी, आणि ती ओल कुणापायी, तर... चूक माझीच हाय, मी कुठं न्हाय म्हणतोय, पण आधी ऐकून घे.

तुला सांगतो, मुळात ती खोलीच तसली. अकराव्या गल्लीत, तळमजल्याला, एक खिडकी, ती पण बोळात उघडणारी, ऊन तिथं फक्त उन्हाळ्यात येतंय, तेबी वाट चुकून. पण राजारामपुरीत, क्लासच्या जवळ... मी कॉम्प्युटर क्लासवर पोरांना टायपिंग शिकवतो आणि हंब्या, म्हंजे हंबीरराव, माझ्याच मलकापूरचा, तो मोटरसायकलच्या शोरूमात बिलं फाडतो, दोघांनाबी चालत जायच्या अंतरावर. म्हटलं, घ्यायचीच. घरमालकीण झुंबरबाई, पण झुंबरबाई म्हणायची कुणाची टाप न्हाय, सगळी गल्ली आक्काच म्हणती. गळ्यात माळ, दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला, दत्ताचं काय वेड म्हणतोस... आमी खोली बघायला गेलतो तवा आक्कांनी आडनाव विचारलं न्हाय, गाव विचारलं न्हाय, नोकरी विचारली न्हाय, एकच विचारलं, पोरांनो, वशाट खाताय काय?

आता वशाट! मटण, मासं, अंडं, सगळं आलं त्यात. कोल्हापुरात दोन जवान पोरांना असलं विचारायचं म्हंजे काय चेष्टा हाय का? हंब्यानं माझ्याकडं बघितलं, मी खोलीकडं बघितलं, आणि माझ्या तोंडातनं गेलं, "आक्का, आमाला वासपण सहन होत न्हाय."

एवढं बोलायची काय गरज हुती, सांग मला? 'घरात करणार न्हाय' म्हटलं असतं तरी भागत हुतं की! पलीकडच्या नागसेनदादांनी तसंच सांगितलंतं, 'खातो, पण आक्का, तुमच्या घरात शिजवणार न्हाय', आणि तुला सांगतो, त्या माणसानं ते पाळलं. घरात अंडं फोडलं न्हाय. खावंसं वाटलं की वहिनींना घेऊन गाडीवर मावशीकडं. आणि आमी? वास सहन न होणारं आमी! सुरवातीला खानावळीत भागवलं, न्हाय असं न्हाय. पण खानावळीतला पांढरा रस्सा तू पिलायस, मटणानं आंघोळ केल्यावर उरलेलं पाणी नुसतं. आणि तशात हंब्याच्या आईनं चटणीचा डबा धाडला. कांदा-लसणाची, घरात कुटलेली, झाकण काढलं की डोळ्यात पाणी. ती चटणी काय भाकरीला लावून खायची? त्या माउलीला काय वाटंल?

म्हणून मग बुधवार आणि रविवार. आता लपवून करायचं म्हंजे कसं, तर खिडकी बंद. खिडकीवर जी सिमेंटची जाळी हाय तिच्यात हंब्याची उशी ठोसायची. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल. वर उदबत्तीचा आख्खा पुडा पेटवायचा, एवढा की बाहेरनं जाणाऱ्याला वाटावं आत कुणीतरी समाधी घेतलीया. तू म्हणशील पौर्णिमेला करायचं, आक्का वाडीला गेल्यावर, खिडकी उघडून, निवांत. अरं खुळ्या, पौर्णिमा महिन्यातनं एकदा येती, आणि आमाला आठवड्यातनं दोनदा लागतंय! आणि कुकर का न्हाय लावला, म्हणशील. लावलाता की, पहिल्याच रविवारी. शिट्ट्यांवर शिट्ट्या, आणि वरनं आक्कांचा आवाज, विश्वजित, डाळ जुनी लागली व्हय रं, किती शिट्ट्या करतोस? माझं पाणी पाणी झालं. तवापास्नं कुकर बंद. पातेलं. आता पातेल्यात मटण शिजायचं म्हंजे काय, सकाळी चढवायचं आणि दुपार सरायची. स्टोव्ह भुरभुरतोय, अळणी, मटणाच्या उकळीचं पाणी ते, रटरटतीया, वाफ ही अशी वर चढतीया, आणि वाफेला जायला वाट न्हाय. जाणार कुठं बिचारी? गेली भिंतीत.

त्यात आमची सकाळ बघ. आंघोळीचं पाणी तापवायचं तर बादलीत कॉईल, ती खोलीतच, दाराकडच्या मोरीपाशी, खिडकी बंदच, कारण थंडी वाजती. धुतलेलं कपडं बाहेर टाकलं तर धुक्यात वाळत न्हाईत म्हणून दोरी खोलीतच, ह्या भिंतीपास्नं त्या भिंतीपर्यंत, हंब्याच्या बनियनीखालनं वाकून मी चहा करायचा. आक्का बिचारी येता-जाता सांगायची, 'अरं पोरांनो, खिडकी उघडी ठेवा, थोडी थंडी सोसा, भिंतीला वारा लागू दे. कपडं अंगणात टाका. कॉट भिंतीला चिकटवू नका, हातभर लांब ओढा.' आणि वर म्हणायची, पावसाळा बरा, पावसाळ्यात पाणी बाहेरनं येतंय, दिसतंय तरी, थंडीतलं पाणी आपल्याच तोंडातनं निघतंय आणि भिंतीत जाऊन बसतंय. मी म्हणायचा, व्हय आक्का. हंब्या म्हणायचा, व्हय आक्का. आणि आत येऊन खिडकीची कडी घट्ट लावायचा. चूक हाय की! मी कुठं न्हाय म्हणतोय? पण आधी ऐकून घे.

डिसेंबरात कॉटच्या मागं पहिला डाग दिसला. काळा, बारका, मी म्हटलं कोळ्याचं जाळं असंल. दुसऱ्या रविवारी बघतोय तर डागाला पोरं झालेली. मग ते वाढतंय रं... वरनं हिरवं, आतनं काळं, हात लावला की मऊ, मांजराच्या पाठीसारखं. भिंतीला मिसरूड फुटलं आणि बघता बघता दाढी आली. हंब्याचा पट्टा पेटीतनं काढला तर पट्ट्यावर लव. चपला बाजूला काढलेल्या, त्यांच्यावर लव. माझा लग्नकार्याचा शर्ट, त्याच्या कॉलरला लव. रात्री अंथरुणात पडलं की गार गार वास, भिजलेल्या पोत्यासारखा. आमी मलकापूरची माणसं, पावसाचं आमाला काय नवल, तिकडं चार महिनं शेवाळातच राहतोय, पण शेवाळ घराच्या बाहेर असतंय की रं, आत येऊन आपल्याशेजारी झोपत न्हाय! फिनेलनं पुसलं, दोन दिवस गेलं, परत आलं. हंब्यानं चुना फासला, ओल्या भिंतीवर चुना धरतोय होय, पापुद्रं निघून पडलं सगळं. नागसेनदादांनी एकदा दारातनं बघितलं आणि म्हणालं, आधी वाळवा, मग चुना लावा, आणि वाळायला खिडकी उघडा. मी म्हटलं, व्हय दादा. झालं. आमचं 'व्हय' म्हंजे काय, तुला ठावंच हाय.

मग म्हटलं झाकावं. कशानं झाकावं? आक्कांनीच वाडीहून येताना दत्ताचं मोठं कॅलेंडर आणलंतं आमाला, पेढ्याच्या पुड्यासंगं, 'पोरं एकटी ऱ्हात्यात, देव असू दे खोलीत' म्हणून. तेच लावलं डागावर. बसलं की बरोबर! वरनं उदबत्ती लावली. खोलीला कसं देवळाचं रूप आलं. म्हटलं, मिटलं.

आणि मग आक्का आली. सकाळची येळ, हातात शिऱ्याची वाटी, काहीतरी व्रत हुतं तिचं. कॅलेंडर बघितलं, उदबत्ती बघितली, डोळं भरून आलं बघ तिचं. वाटी ठेवली, हात जोडलं, डोळं मिटलं... आणि मी बघतोय, कॅलेंडर हळूहळू खाली सरकतंय. कागद भिजून लोळा झालेला, खिळ्यानं किती धरावं? हंब्यानं तोंडावर हात ठेवला. मी मनात म्हणतोय, धर, धर, देवा आज धर... आणि सर्रकन् खाली. आक्कांनी डोळं उघडलं, तर समोर देव न्हाय, ती काळी दाढी.

आक्का ओरडली न्हाय रं. ओरडली असती तर बरं हुतं. जवळ गेली, भिंतीवर तळहात टेकला, आणि लेकराच्या कपाळाला हात लावावा तशी म्हणाली, केवढी गार पडलीया, हे पाणी कुठनं मुरतंय? आणि माझ्याकडं बघितलं. आता मी काय बोलायला पायजे हुतं? 'आक्का, आमी खिडकी बंद करून मटण शिजवतोय.' एवढंच वाक्य. आणि मी काय बोललो माहितीय? "आक्का, पलीकडं मोरी हाय न्हवं?"

बास. एवढंच. मी नाव घेतलं न्हाय कुणाचं. मी म्हटलं न्हाय की त्यांचं पाणी गळतंय. मी फक्त मोरी हाय का विचारलं, आणि मोरी हाय, खोटं हाय का त्यात काय? हंब्या आजबी म्हणतोय, विशू, तू बोललास ते वाक्य खरंच हुतं. पण भावा, तोंडातनं निघालं तवाच मला कळलं.

आक्का गेली की पलीकडं. भिंत एकच, त्यामुळं मला सगळं ऐकू येतंय. आक्का म्हणत्यात, तुमच्या मोरीचं पाणी पोरांच्या खोलीत मुरतंय. दादांचा आवाज शांत, बघतो आक्का, म्हणालं. पाटबंधारे खात्यातला माणूस, आणि पाण्याचाच आळ! आणि तुला ती गोष्ट सांगायची राहिली. ही खोली मिळायच्या आधी दादा आणि वहिनी... दीक्षावहिनी, दवाखान्यात नर्स हायत, हिथंच... सबंध उन्हाळा खोली हुडकत फिरलेली. फोनवर खोली असायची, दारात गेलं, आडनाव सांगितलं, की 'अहो ती कालच गेली.' एके ठिकाणी तर किल्ली हातात दिली आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावायला खिळा मागितला तर किल्ली परत मागून घेतली. हे मला वहिनींनीच हसत हसत सांगितलंतं, चहा देताना. म्हणाल्या, आक्कांनी फक्त वशाटाचं विचारलं, मला इतकं बरं वाटलं, म्हटलं एवढंच ना, सोडलं! आणि त्या माणसांच्या मोरीकडं मी बोट दाखवलं. न्हाय, बोट न्हाय दाखवलं. पण दाखवलंच की!

मग प्लंबर आला. मोरीच्या फरश्या फोडल्या, पाइप उघडा केला. कोरडा ठणठणीत. त्यानं खांदं उडवलं आणि गेला दुसऱ्या कामाला. म्हटलं, सुटलं दादा. तर आक्का म्हणाली, पाइप कोरडा असंल, पण पाणी फरशीतनं मुरत असंल, मोरी आता बंदच ठेवू, वापरायची न्हाय, आणि भिंत बघू. भिंत वाळली तर पाणी तुमचंच, मग नागसेन, तुमी दुसरी खोली बघा, माझं घर बसायला लागलंय. वाईट न्हाय रं आक्का. घर तिच्या मालकानं, म्हंजे नवऱ्यानं, बांधलेलं, ते गेलं, घर राहिलं, त्याला पोपडा आला तरी तिच्या जिवाला लागतंय. पण तिकडं दादा-वहिनी आंघोळीला मागच्या परड्यातल्या उघड्या नळावर. जानेवारीत! पहाटे धुकं, साडीचा आडोसा केलेला, आणि आतनं वहिनींचा 'हू हू' आवाज. आणि हिकडं मी, कॉईलच्या कडक पाण्यानं, खिडकी बंद करून. भावा, तांब्या अंगावर घेतला की त्या 'हू हू'नं काटा यायचा. चूक माझीच हाय, मी कुठं...

आणि संक्रांतीला काय झालं ऐक. वहिनी तिळगूळ घेऊन दारात. नाक लाल, सर्दीनं आवाज बसलेला, आणि म्हणतात, घ्या, गोड बोला. मी तिळगूळ तोंडात टाकला आणि दार लावलं. मी हंब्याला म्हटलं, आजपास्नं बंद. पातेलं घासून वर ठेव, खिडकी उघड, उशी काढ. आपण सुधारलो.

हंब्या खिडकीपर्यंत गेला, आणि थांबला. तुला हंब्या माहितीय, दहावीला गणितात लोळला, पण त्या दिवशी त्याचं डोकं असलं चाललं की बास. म्हणाला, "विशू, आत्ता आपण सुधारलो तर भिंत वाळंल."

मी म्हटलं, मग वाळू दे की. म्हणाला, खुळ्या, मोरी बंद हाय. मोरी बंद असताना भिंत वाळली, म्हंजे पाणी मोरीचंच हुतं असं ठरणार. दादा बाहेर. पण मोरी बंद असून भिंत ओलीच राहिली, म्हंजे मोरीचा संबंध न्हाय. दादा सुटलं.

बघ आता. बघ कसला पेच. दादांना वाचवायचं तर भिंत ओली ठेवायला पायजे. भिंत ओली ठेवायची तर खिडकी बंद ठेवायला पायजे, पातेलं चढवायला पायजे. म्हंजे पाप धुवायला परत तेच पाप! तू म्हणशील, नुसतं पाणी उकळायचं की. मीबी म्हटलं. हंब्या म्हणाला, रॉकेल जाळून नुसतं पाणी उकळलेलं कोल्हापुरात कोण बघितलंय का? पातेलं चढवायचंच हाय तर आत काहीतरी असू दे.

आणि मग आमी दररोज मटण खाल्लं. तू हसू नको. आयुष्यात पहिल्यांदा मटण कर्तव्य म्हणून खाल्लं. सोमवारी खाल्लं, भावा, सोमवारी! गुरुवारी, दत्ताच्या वारी, कॅलेंडरच्या रिकाम्या खिळ्याकडं पाठ करून खाल्लं. सकाळी अळणी, दुपारी पांढरा, रात्री तांबडा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हंब्या पातेल्याकडं बघून रडवेला झाला, म्हणतोय, मला वरणभात पायजे. मी म्हटलं, गप जेव, दादांसाठी जेव. भिंतीवरनं थेंब ओघळतंय, छतावरनं टपटप पडतंय, पेटीतला हंब्याचा शाळा सोडल्याचा दाखलासुद्धा दमट झाला, आणि आमी खूश! रोज भिंतीला हात लावायचा, ओली हाय का? हाय. शाबास. दाढी छतापर्यंत गेली. बाहेर वहिनींचं 'हू हू', आत आमचं रटरट, आणि मी मनात म्हणतोय, वहिनी, जरा सोसा, तुमच्यासाठीच शिजवतोय.

आणि आज सकाळी आक्का आली बघायला. मागं नागसेनदादा, त्यांच्या मागं वहिनी, वहिनींच्या हातात पदराचं टोक, पिळून पिळून दोरी केलेली. निकाल लागायचा हुता न्हवं! आक्कांनी हात टेकला भिंतीवर. काढला. हात सगळा ओला. पदराला पुसला, परत टेकला. आणि वळून नागसेनदादांच्या पुढं, सगळ्यांच्या समोर, एवढ्या वयाची बाई, हात जोडून उभी राहिली. म्हणाली, माझं चुकलं नागसेन, तुमच्यावर नाहक आळ घेतला, ह्या थंडीत लेकीला उघड्यावर आंघोळ करायला लावली.

वहिनी रडल्या. हंब्या रडला. मी तर असला रडलो... म्हटलं, सुटलो देवा, जमलं, हंब्या, तुझ्या डोक्याला मी हार घालतो.

तर आक्का पुढं म्हणाली, म्हंजे भिंतच नासलीया. पायापास्नं ओल चढलीया. ही भिंत उतरवायलाच पायजे. उद्या गवंडी बोलावते. दोन्ही अंगानं मोकळं करायला लागणार. नागसेन, तुमचा दोष न्हाय, पण तुमची मोरीबी ह्याच भिंतीत, चूलबी ह्याच भिंतीला. तुमाला आता दुसरीकडंच बघायला लागंल. काम कधी संपंल, मी काय शब्द देऊ?

माझं रडं तिथंच थांबलं. अरं, मी त्यांना निर्दोष ठरवलं तरी ते बाहेरच! आळ असला तरी बाहेर, आळ गेला तरी बाहेर! दादा नुसतं म्हणालं, ठीक आहे आक्का. तेच ते, शांत. आणि वहिनींनी हातातला पदर सोडला, बास, तेवढंच.

मग आक्का आमच्याकडं वळली. 'आणि तुमी पोरांनो, असल्या खोलीत राहताय, तक्रार न्हाय, काय न्हाय. छातीला होईल काहीतरी. आजपास्नं वर. माझ्या माजघरात झोपायचं, माझ्याकडंच जेवायचं.' मी तोंड उघडलं, तुला शपथ सांगतो, मी उघडलं तोंड. म्हटलं, आक्का, खरं सांगू का, ही ओल... तर तिनं माझ्या गालावर हात ठेवला. म्हणाली, बोलू नको, घसा बसलाय बघ तुझा ह्या ओलीनं. अरं, रडून बसलाता घसा! आणि हात कसला ऊबदार... त्या हातापुढं तू बोलून दाखव. मी न्हाय बोललो. हंब्यानं तवर गादी गुंडाळली पण.

मी परड्यात गेलो. दादा आडोशाची साडी सोडत हुतं, घडी घालत हुतं. मी जवळ गेलो, म्हटलं, दादा, मला तुमाला एक सांगायचंय. त्यांनी घडी थांबवली न्हाय. म्हणाले, "माहीत आहे. पाइपाच्या भोकातनं वास येतो."

पाइपाच्या भोकातनं! आमी उशी ठोसली, टॉवेल लावला, आख्खी उदबत्ती कंपनी जाळली, आणि भिंतीतलं भोक राहिलं ते त्यांच्याच मोरीत. दादा म्हणाले, बुधवार-रविवार आमचा वरणभात त्या वासावर जायचा, ह्या आठवड्यात तर रोजच जायला लागला, म्हटलं पोरांची पगारवाढ झाली. मी म्हटलं, दादा, मग तुमी आक्कांना का न्हाय सांगितलं? एक शब्द बोलला असता तर सुटला असता की! तर म्हणाले, "खोली हुडकत फिरणं काय असतं, ते मी केलंय, विश्वजित. माझ्या तोंडानं तुमची खोली जावी, असं न्हाय वाटलं."

भावा, त्यांनी मारलं असतं तर मी उभा राहिलो असतो. मला वाटलं, जमीन फाटावी. तोंड लपवायला वळलो, तर मागनं हाक मारली. मी बघितलं. म्हणाले, "आणि पांढऱ्याला खोबरं कमी पडतंय. दीक्षा म्हणती."

चूक माझीच हाय. आता 'पण आधी ऐकून घे' म्हणायला काय राहिलंच न्हाय, सगळं ऐकून झालं तुझं. वर पान वाढलंय. हंब्या दुसऱ्यांदा भात घेतोय, त्याला काय, वरणभात मिळाला, जन्माचं सुख झालं त्याला. आक्कांना म्हटलं लिंबू घेऊन येतो आणि सटकलो, म्हणून तू दिसलास. आता लिंबू घेऊन वर जायचं आणि बोलायचं, तर आमचं बोचकं बाहेर, आणि आक्कांचं मन मोडलं ते वेगळंच, तिनं आमच्यासारख्यांपुढं तिच्या हातानं शिरा ठेवलेला. न्हाय बोलायचं, तर उद्या गवंडी येणार, चांगली भली भिंत पाडणार, आणि दादा-वहिनी परत दारोदार, परत 'अहो ती कालच गेली.' बोललं पायजे. व्हय, बोललंच पायजे, मला कळतंय की, एवढा का मी खुळा हाय... पण नुसती मान हलवू नको तू, चहा ठेव खाली. तिनं गालावर हात ठेवल्यावर, समोर ताट वाढल्यावर, तू असतास तर काय केलं असतंस, सांग?